कोऱ्या रकमेचा करार

कागलच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार असलं काम वर्षभर चालतं. पण बेंदूर झाला की ऊसतोडणीच्या करारांची रीघ लागते. ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला पुढं, तोडणीची टोळी आणणारा मुकादम मागं आणि दोघांच्या ओळखीचा कुणीतरी साक्षीदार, जो बहुतेक वेळा समोरच्या चहाच्या टपरीवर थांबतो आणि सहीपुरता आत येतो. मसुदा माझ्याकडं वर्षानुवर्षं एकच आहे. ‘लिहून देणार’ मुकादम, ‘लिहून घेणार’ वाहतूकदार. नावं, गाव, कोयत्यांची म्हणजे तोडणाऱ्या जोड्यांची संख्या आणि उचलीचा म्हणजे आगाऊ रकमेचा आकडा एवढंच बदलतं.

दोन हंगामांमागची गोष्ट. ऑगस्टचा शेवट, बाहेर पावसाची रिपरिप. एक तरुण वाहतूकदार मुकादमाला घेऊन आला. करार टाईप झाला. मुकादमाच्या नावानं फाईल सेव्ह करायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, ह्या नावाची फाईल आधीच आहे, बदलायची का? उघडून बघितली. एकोणीस दिवसांपूर्वी त्याच मुकादमानं मुरगूडकडच्या एका वाहतूकदाराला तेच बारा कोयते लिहून दिले होते. बाराही जोड्यांची नावं तीच. पहिल्या यादीत पाचवी असलेली जोडी दुसऱ्या यादीत नववी होती, एवढाच फरक.

“पावणं, जरा झेरॉक्सला चला,” असं म्हणून मी त्या पोराला बाहेर घेतलं आणि सांगितलं. त्यानं ऐकलं, पावसाकडं बघितलं आणि म्हणाला, “चार लाख काल रात्रीच दिल्यात की हो.” आत येऊन त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम जराही गडबडला नाही. “मालक, ती टोळी माझ्या मेव्हण्याची. त्यात नाव माझं घातलंय नुसतं.” यावर त्या दुकानात कुणाचाच विश्वास बसला नाही, माझा तर नाहीच. तरीही सही झाली. सोमवारपर्यंत कारखान्याच्या शेती ऑफिसात करार जमा केला नसता, तर ॲडव्हान्सचा पुढचा हप्ता मिळाला नसता. आणि पुढचा हप्ता मुकादमाच्या हातात पडला नसता, तर काल दिलेले चार लाखही तिथंच बुडाले असते. बुडालेल्या पैशाच्या मागं आणखी पैसा टाकायचा, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. टोळी नोव्हेंबरात मुरगूडलाही आली नाही आणि या पोराकडंही नाही. दूधगंगा ओलांडून कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात गेली, असं नंतर कानावर आलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हा मुकादम दोघांना एकच टोळी विकतोय हे अख्ख्या महाराष्ट्रात फक्त कागलच्या एका टायपिस्टला माहीत होतं, तेही कॉम्प्युटरनं विचारलं म्हणून. साखर आयुक्तांना माहीत नव्हतं, दोन्ही वाहतूकदारांच्या कारखान्यांना नव्हतं, पोलिसांना तर नव्हतंच. मुकादमांनी वाहतूकदारांना गंडवण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. संघटना मोर्चे काढतात, ‘स्वाभिमानी शेतकरी संघटने’नं हा प्रश्न अनेकदा लावून धरलाय. मागणी मात्र बहुतेक एकच असते: गुन्हे दाखल करा, मुकादमांना अटक करा. मला वाटतं ही मागणी चूक नाही, पण चुकीच्या टोकाला आहे. चोरी होऊन गेल्यावर चोराला पकडण्याची ती मागणी आहे. चोरी इतकी सोपी कुणी करून ठेवली, हे कुणी विचारत नाही.

पैसा कुठून कुठं जातो ते बघा. हंगामाआधी कारखाना वाहतूकदाराशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो आणि ॲडव्हान्स देतो. कधी स्वतःकडून, बहुतेकदा बँकेचं कर्ज वाहतूकदाराच्या नावावर उचलून. तारण वाहतूकदाराचं; सातबारा त्याचा किंवा ट्रॅक्टर त्याचा. जामीनदारही असेच दोन वाहतूकदार, म्हणजे एक बुडाला की दोरीनं बांधल्यासारखे तिघं बुडतात. वाहतूकदार ते पैसे मुकादमाला देतो. मुकादम ते धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, जत किंवा सीमेपलीकडं विजयपूरकडच्या जोड्यांना वाटतो. नवराबायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. या साखळीत सगळ्यात वर कारखाना, त्याला ऊस वेळेत हवा. सगळ्यात खाली कोयता, त्याला आत्ता पैसा हवा. मध्ये दोन माणसं. त्यातला एकजण कागदावर सापडतो, दुसरा सापडत नाही. कारखान्याचं येणं कागदावरच्या माणसाकडून बिनबोभाट वळतं होतं: वाहतुकीच्या बिलातून कपात, मग पुढच्या हंगामातून कपात, मग नोटीस. कागदावर नसलेल्या माणसाकडून वसूल करायचं काम वाहतूकदाराचं एकट्याचं.

तो मग काय करतो? आधी पोलीस ठाण्यात जातो. तिथलं वाक्य मला पाठ आहे, कारण तक्रारअर्जही मीच टाईप करतो: “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” वाहतूकदाराला वाटतं पोलीस टाळतायत. बऱ्याचदा टाळतातही. पण त्या वाक्याला कायद्यात आधार आहे. फसवणुकीचा गुन्हा, पूर्वीचं ४२० आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सिद्ध व्हायला पैसे घेताना त्या क्षणीच फसवण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं. नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली बिहारमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आणि खालची कोर्टं तेच धरून चालतात. मुकादम म्हणतो, “टोळी माझीच पळाली, मी काय करू?” आणि तिथं प्रकरण थांबतं.

आता माझ्या त्या दोन फायलींचा विचार करा. एकाच महिन्यात, त्याच बारा जोड्या, दोन वाहतूकदारांना. दुसऱ्यांदा सही करताना मुकादमाला ठाऊक होतं की टोळी एकच आहे. इराद्याचा याच्याहून सरळ पुरावा कुठला हवा? पण तो पुरावा दोन वेगवेगळ्या माणसांच्या खिशात अर्धा अर्धा होता आणि ती माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. माझ्या दुकानात तो जुळला हा योगायोग. मुरगूडवाल्यानं त्या दिवशी शेजारच्या दुकानात टाईप केलं असतं, तर तोही जुळला नसता.

चेकचंही असंच. कराराबरोबर मुकादमाचे दोन कोरे चेक घ्यायची पद्धत आहे. वाहतूकदाराला वाटतं, हातात हत्यार आलं. चेक परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. या तारखा चुकल्या की चेकचा कागद होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही फिर्याद आपलं खातं जिथं आहे तिथल्या कोर्टात करता येते, बीडला खेटे घालावे लागत नाहीत. ही सोय आहे, पण कितीजणांना माहीत आहे? हंगाम संपेपर्यंत ‘येईल, येईल’ म्हणून वाट बघतात, आणि माझ्याकडं येतात तेव्हा चेक परत आल्याचा बँकेचा मेमो तीन महिन्यांचा शिळा झालेला असतो. समजा सगळं वेळेत केलं, निकालही लागला. वसूल कशातून करणार? बालाघाटच्या माथ्यावरच्या दोन एकर मुरमातून?

मग काहीजण दुसरी वाट धरतात. गाडी भरून मुकादमाच्या गावाला जायचं आणि त्याला आणायचं. उचल दिलेल्या माणसाला उचलून आणायचं, अशी ही कोटी आमच्याकडं हसत हसत केली जाते. शेवट मात्र हसण्यासारखा नसतो. साडेतीनशे किलोमीटरवरून माणूस जबरदस्तीनं आणला, खोलीत ठेवला, घरच्यांना फोन लावला, की तो अपहरणाचा गुन्हा होतो, आणि त्यात पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणत नाहीत. बारा लाख गेलेला माणूस वर आरोपीही होतो. अशा एकाच्या जामिनाची कागदपत्रं मी टाईप केलीयत. त्याचा ट्रॅक्टर त्या वेळी बँकेनं ओढून नेला होता.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मुकादम ही जातच लबाड. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एका पावसाळ्यात दुकानात लाईट नव्हती म्हणून एका म्हाताऱ्या मुकादमाबरोबर दोन तास बसलो आणि त्याच्या वहीतला हिशोब बघितला. त्याच्या वहीतले आकडे इथं मांडत नाही, पण त्याच पद्धतीनं कुणीही घरी बसून मांडू शकेल असा हिशोब सांगतो.

तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढला, तीन हंगामांसाठी. तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. चांगला फड मिळाला, तर एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. आपण रोज चांगलाच फड मिळाला असं धरू. कारखान्यांनी गाळपाची ताकद इतकी वाढवून ठेवलीय की पूर्वी पाच महिने चालणारा हंगाम आता कित्येक ठिकाणी शंभर दिवसांत आटोपतो. शंभर दिवस, दोनशे टन, ७३,२०० रुपये. यातून आठवड्याची खर्ची जाते. मीठमिरची, औषध, मोबाईलचं रिचार्ज. हात आखडून धरली तरी हंगामात पंधरा हजार. राहिले ५८,२००. आणि उचल किती? कोयत्याला लाख रुपये हा आता जुना आकडा झालाय, सव्वा-दीड लाखाच्या गोष्टी चालतात. आपण लाखच धरू. म्हणजे एकही खाडा न करता, आजारी न पडता, बाळंतपण न काढता शंभर दिवस राबलेली जोडी हंगाम संपून पट्टा पडेल त्या दिवशी जवळजवळ ४२ हजारांची देणेकरी असते. बारा जोड्यांची बाकी पाच लाखांच्या वर. मुकादमानं आपलं वीस टक्क्यांच्या घरातलं सगळं कमिशन त्यात घातलं, पाणीसुद्धा प्यालं नाही, तरी सव्वातीन लाख उरतात.

हा प्रामाणिक टोळीचा हिशोब आहे. पळून गेलेल्या टोळीचा अजून काढलाच नाही.

म्हणजे करारावर सह्या होतात त्या क्षणी तो पुरा होणं अशक्य असतं, आणि हे लिहून देणारा, लिहून घेणारा आणि टाईप करणारा, तिघांनाही माहीत असतं. जी बाकी राहते तिला नाव देताना मात्र प्रत्येकजण आपल्या बाजूनं देतो. मुकादमाच्या वहीत ती ‘बाकी’ असते. वाहतूकदाराच्या तक्रारअर्जात ‘फसवणूक’. आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उघडला, तर ती ‘बंधक ऋण’ ठरू शकते, जे फेडण्याची जबाबदारी कायद्यानंच संपवलीय आणि ज्याच्यासाठी माणसाला कामावर धरून ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘गतवर्षीची बाकी फिटेपर्यंत टोळी अन्यत्र जाणार नाही’ हे वाक्य माझ्या मसुद्यात कित्येक वर्षं होतं. एका वकिलानं लक्षात आणून दिलं तेव्हा काढलं. तोवर किती स्टॅम्पपेपरवर ते छापून गेलं, याची मोजदाद नाही. जिल्हाधिकारी आणि त्यांनी नेमलेल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांवर हा कायदा राबवायची जबाबदारी आहे आणि तहसील कचेरीच्या दारासमोर मी ते वाक्य टाईप करत होतो.

असल्या व्यवहारात लबाडी शहाणपणाची ठरते. राबूनही फिटत नसेल, तर कोयता तीन मुकादमांकडून उचल घेतो आणि ज्याची गाडी आधी येईल तिच्यात बसतो. त्या म्हाताऱ्या मुकादमाच्या वहीत अशा चार जोड्या होत्या, चौघांच्या नावापुढं नुसती फुली. “पोरीचं लगीन व्हतं त्याच्या, मालक. माह्याच हातानं दिले पैसे. आता कुठं शोधू त्याला?” मुकादमानं ते भरून काढायला बैल विकला होता. पुढच्या वर्षी त्यानं काय केलं असेल? मला वाटतं, त्यानंही एकच टोळी दोघांना लिहून दिली असेल. वाईट माणसानं चांगली व्यवस्था बिघडवल्याची ही गोष्ट असती, तर सोपं होतं.

अट्टल भामटे यात नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत. टोळी नसताना टोळी दाखवणारे, दुसऱ्याच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन फिरणारे, पंधरा दिवस टोळी आणून विश्वास बसवणारे आणि संक्रांतीच्या रात्री कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, रिकाम्या करून जाणारे. त्यांना गजाआड घातलंच पाहिजे. पण भामटा आणि अडलेला माणूस आज बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, आणि त्यातच भामट्याचं फावतं.

आता आपल्या माणसांबद्दल. हे लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण माझं गिऱ्हाईक तेच आहे. उचल लाखावर नेली कुणी? मुकादमांनी मागितली हे खरं, पण दिली वाहतूकदारांनी. एखाद्याची चांगली टोळी ठरलीय असं कळलं, की दुसरा मुकादमाला रात्री फोन करतो: “त्यानं बारा दिलंय न्हवं? मी चौदा देतो.” पहिल्याचे बारा परत करायचे की नाही, याची चौकशी तो चौदावाला करत नाही. तोच पुढच्या वर्षी फसला, की मोर्चात सगळ्यात पुढं घोषणा देतो. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या हातानं करत आलोय: ‘रक्कम रुपये ........ अक्षरी रुपये ........ मात्र’. आकडा कोरा. मुकादमाचा अंगठा आधी, रक्कम मागाहून. वाहतूकदार म्हणतो, “राहू दे तसंच, हंगामात खर्ची वाढंल, तवा भरूया.” कोर्टात मुकादमाचा वकील पहिला प्रश्न यावरच विचारतो, आणि खऱ्या बारा लाखांचा करारही संशयात जातो.

कारखान्यांचं काय? त्यांचा ठरलेला युक्तिवाद असा, की तोडणी कामगार आमचे नव्हेत. आमचा करार वाहतूकदाराशी. कागदावर खरं आहे. पण कुठल्या फडात कोयता कधी घालायचा हे वाहतूकदार ठरवत नाही. ते कारखान्याच्या गट ऑफिसातून ठरतं, कारखान्याचा माणूस, चिटबॉय, टोळी नेऊन सोडतो, क्रमपाळी कारखान्याची, वजनकाटा कारखान्याचा, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापतो तोही कारखाना. ज्याच्या हुकमानं काम चालतं तो जबाबदार नाही आणि ज्याचा ट्रॅक्टर गहाण आहे तो जबाबदार, ही वाटणी कारखान्याला सोयीची आहे. उद्या मजूर आपले मानले, तर फंड, विमा, अपघात, बायकांच्या तब्येती, पोरांच्या शाळा, सगळंच दारात येतं. वाहतूकदार हा मध्ये उभा केलेला बांध आहे. पाणी त्याच्याच अंगावर येतं.

आणि सरकार? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला. त्यात मजूर भरती करणाऱ्या कंत्राटदाराला परवाना, मजुराला पासबुक, सगळं होतं. पण नावातच आंतरराज्य. विजयपूरहून कागलला आलेला त्यात बसायचा; धारूरहून त्याहून लांबची वाट तुडवून आलेला बसायचा नाही, कारण तो राज्याबाहेर पडलेलाच नसायचा. अलीकडं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचं आणि तेवढेच सरकारनं घालायचं ठरलं. ग्रामसेवकांकडून मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली. चांगलं आहे. तरीही राज्यात ऊसतोड मजूर किती, असं विचारलं तर कुणी ८ लाख सांगतो, कुणी १२, कुणी १५. मुकादम किती, हे तर कुणी अंदाजानंही सांगत नाही. शेतकऱ्याच्या उसाची नोंद मोबाईलवर करता यावी म्हणून साखर आयुक्तालयानं २०२२ मध्ये ॲप काढलं. कुठल्या गटात कुठल्या जातीचा ऊस किती गुंठे उभा आहे हे सरकारला कळतं. तो तोडायला माणसं आणणाऱ्याचं नाव मात्र माझ्या दुकानातल्या फायलीत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. दरसाल प्रत्येक कारखाना साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घेतो, १९८४ च्या आदेशाप्रमाणं. त्या परवान्याच्या अर्जाला एक यादी जोडणं सक्तीचं करा: आमच्या वाहतूकदारांनी कोणत्या मुकादमाशी, कोणत्या कोयत्यांचा करार केलाय. राज्यात गाळप करणारे कारखाने दोनशेच्या आसपास. एवढ्या याद्या एकत्र ठेवून एकच नाव दोनदा आलं की लाल करणं, हे काम माझा दहा वर्षांचा कॉम्प्युटर करतो. साखर आयुक्तांच्या साखर संकुलातल्या कॉम्प्युटरला अवघड जाऊ नये. यादी जाहीर करायची गरज नाही, आधार क्रमांक कुणाला दाखवायचीही नाही. वाहतूकदारानं पैसे द्यायच्या आधी विचारावं, हा मुकादम आणि ह्या जोड्या मोकळ्या आहेत का? उत्तर हो किंवा नाही. ‘नाही’ ऐकूनही पैसे दिले, तर त्याचं तो बघेल. आणि मुकादमानं दुसऱ्यांदा सही केली, तर ज्या इराद्याचा पुरावा आज दोन खिशांत विभागलेला असतो, तो एका सरकारी नोंदीत तारखेसकट असेल. मग ठाणेदाराला ‘दिवाणी’ म्हणता येणार नाही.

नोंदीनं भामटा सापडेल, पण हिशोब जुळणार नाही. त्यासाठी उचलीलाच हात घालावा लागेल. उचल बंद करा असं म्हणणारे शहरात राहतात. श्रावणात बालाघाटात घरी दाणा नसतो, दवाखाना आणि लग्न हंगामाची वाट बघत थांबत नाही आणि त्या माणसाला मुकादमाशिवाय दुसरी बँक नाही. बंद केली तर ती चोरून चालेल आणि महाग होईल. पण ज्या हंगामात जोडी ५८ हजार फेडू शकते, त्या हंगामासाठी लाख-दीड लाख देणं थांबवता येतं. पन्नास हजारांची मर्यादा घाला. निम्मे घरी असताना, निम्मे टोळी फडात उतरल्यावर, दोन्ही वेळा मजुराच्या खात्यावर, बायकोच्या मजुरीचे बायकोच्या खात्यावर. मुकादमाला कमिशन द्या, पण दुसऱ्याचा पैसा त्याच्या पिशवीतून जाऊ देऊ नका. आणि ही उचल कारखान्याच्या नावावर असू द्या. वाहतूकदार ऊस वाहील, माणसं भरती करणार नाही. कारखाने म्हणतील खर्च वाढेल. वाढेल. आजही तो खर्च होतोच आहे, फक्त तो एखाद्या पोराच्या सातबाऱ्यावर चढतो म्हणून ताळेबंदात दिसत नाही.

मी हे बोललो की कुणीतरी म्हणतं, आता हार्वेस्टर येतायत, मुकादम राहतोच कुठं? सरकारनं ९०० यंत्रांना ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं हे खरं. आमच्याकडच्या वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत, तीन-साडेतीन फुटी सरीत, दिवाळीपर्यंत चिखल असलेल्या नदीकाठच्या मळीत ते वळवून दाखवा, मग बोलू.

सीमेचा प्रश्न राहतोच. माझी नोंद कोगनोळीच्या नाक्यावर संपते, टोळी मात्र तिथं थांबत नाही. कर्नाटकातले कारखाने निपाणी-चिक्कोडीपासून लागतात आणि त्यांनाही कोयता हवाच आहे. दोन राज्यांच्या साखर आयुक्तांनी याद्या एकमेकांना द्याव्यात, एवढंच मला सुचतं. पाण्याच्या विसर्गासाठी दोन्हीकडचे अधिकारी पावसाळ्यात रोज एकमेकांशी बोलतात, तसं.

तोडणीच्या दराचा करार संपला की कारखान्यांचा साखर संघ, कामगारांच्या आणि मुकादमांच्या संघटना आणि नेते पुन्हा बसतील. टनाला किती, कमिशन किती, यावर रात्र रात्र बैठका चालतील. उचलीचा आकडा त्या कागदावर नसतो आणि उचल देणाऱ्याला त्या टेबलाशी खुर्चीही नसते. आमच्या वाहतूकदारांच्या संघटनांनी ठाण्यावर मोर्चे काढण्यात घालवलेली निम्मी ताकद ती खुर्ची मिळवण्यात घालवली असती, तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. हे त्यांना मी तोंडावर सांगितलंय. काहींनी ऐकून घेतलं, एकानं दुकान बदललं.

यंदा मी एक ठरवलं: रक्कम कोरी असेल तर टाईप करायचं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलंच गिऱ्हाईक आलं. जुना माणूस, तीन ट्रॅक्टर. “रकमेचं मागनं बघू,” म्हणाला. मी म्हटलं, “आत्ता भरा, न्हाईतर मला जमणार नाही.” तो माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिला, मग स्टॅम्पपेपर घडी करून खिशात घातला आणि मुकादमाला घेऊन शेजारच्या दुकानात गेला. दहा मिनिटांनी त्यांचा साक्षीदार चहा अर्धा ठेवून टपरीवरून उठला आणि सही करायला तिकडं गेला.